महाविद्यालयाच्या ऑनलाइन सेवांची गुणवत्ता कशी मोजावी: इंदूरच्या महाविद्यालयांसाठी सविस्तर मार्गदर्शन

प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, शुल्कभरणा, प्रवेशपत्र, निकाल, ग्रंथालयातली ई-नियतकालिके, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारे) खाते आणि यांतले काही बिघडले तर करायची तक्रार, अशी उच्च शिक्षणातली बहुतेक कामे आता खिडकीवर न होता मोबाइलच्या पडद्यावर होतात. या सेवा चांगल्या आहेत का, असे विचारले की महाविद्यालयाकडून बहुधा एका गूगल फॉर्मचा निष्कर्ष पुढे येतो: पाचपैकी चार आणि वर काही दशांश. हा आकडा खोटा असतोच असे नाही, पण सोमवारी सकाळी कार्यालय उघडल्यावर नेमके काय दुरुस्त करायचे, हे त्यावरून कळत नाही. देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात काम करणाऱ्यांना दुरुस्तीच्या कामी येईल अशी मोजणी हाताशी असलेल्या साधनांनी कशी करता येईल, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

मोजणीची एक पद्धत इंदूरकरांच्या चांगल्या ओळखीची आहे. २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे इंदूर देशात पहिल्यांदा पहिले आले त्या वर्षी, एकूण २००० गुणांपैकी ९०० गुण पालिकेने सादर केलेल्या माहितीवर, ५०० प्रत्यक्ष पाहणीवर आणि ६०० नागरिकांच्या अभिप्रायावर होते. महाविद्यालयानेही अशाच तीन साक्षी घ्याव्यात: यंत्रणेतली नोंद, कुणीतरी समोर बसून पाहिलेले काम आणि विद्यार्थ्याचे म्हणणे. फरक एवढाच, की या तिन्हींच्या गुणांची बेरीज करू नये. क्रमवारी लावायची असेल तर बेरीज हवी. दोष शोधायचा असेल तर या तीन साक्षी एकमेकींशी कुठे जुळत नाहीत, तेच पाहावे लागते.

पहिली पायरी: कोणते काम मोजायचे ते ठरवणे

‘संकेतस्थळ’ किंवा ‘ईआरपी’ (महाविद्यालयाचा कारभार चालवणारी संगणक प्रणाली) मोजू नये; विद्यार्थ्याचे काम मोजावे. प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट विद्यार्थ्याच्या बाजूने लिहून काढावा. शुल्कभरणा बँकेतून पैसे कापले गेले म्हणजे संपत नाही. पावती हातात पडते आणि पोर्टलवर ‘शुल्क जमा’ असे दिसू लागते, तेव्हा तो संपतो. परीक्षेच्या फॉर्मचे काम ‘सबमिट’चे बटण दाबल्यावर संपत नाही, प्रवेशपत्रावर विषय बरोबर छापून येतात तेव्हा संपते. ही व्याख्या लिहिण्याच्या बैठकीत लिपिक, परीक्षा विभागप्रमुख आणि निदान दोन विद्यार्थी असावेत, कारण काम कुठे संपते याबाबत या तिघांचे एकमत नसते आणि पुढची बरीच भांडणे तिथूनच निघतात.

प्रत्येक कामापुढे त्याची मालकी लिहावी. काही सेवा महाविद्यालयाच्या असतात, काही विश्वविद्यालयाच्या, राज्याचे ई-प्रवेश पोर्टल उच्च शिक्षण विभागाचे, आणि डिजिलॉकर किंवा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी यंत्रणा) पूर्णपणे बाहेरचे. विद्यार्थ्याला हे भेद दिसत नाहीत आणि दिसावेत अशी अपेक्षाही करू नये. आपल्या ताब्यात नसलेल्या सेवेचीही मोजणी करावी. फक्त निष्कर्ष कुणाकडे पाठवायचा, ते आधी ठरवून ठेवावे. पहिल्या फेरीत चार किंवा पाच कामे पुरेत. पंचवीस कामांची यादी करणारे महाविद्यालय त्यांतले एकही नीट मोजत नाही.

इथेच एक स्थानिक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी आयात केलेल्या कोणत्याही प्रश्नावलीत सापडणार नाही. भंवरकुआँच्या परिसरातून एक फेरी मारली तरी दिसते, की पुष्कळ विद्यार्थी फॉर्म स्वतः भरत नाहीत; एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर (पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावर) कागद देतात आणि कियोस्कवाला भरतो. अलीराजपूर, झाबुआ, बडवानी या भागांतून आलेले किंवा स्वाध्यायी म्हणून (वर्गात न येता, बाहेरून) परीक्षेला बसणारे विद्यार्थी तर कियोस्कवर अधिकच अवलंबून असतात. अशा विद्यार्थ्याला पोर्टल कसे वाटले, असे विचारले तर तो प्रत्यक्षात कियोस्कवाल्याला गुण देत असतो. म्हणून प्रत्येक कामाच्या प्रश्नांआधी ‘हे काम कुणी केले: स्वतः, मित्राने, घरच्यांनी की कियोस्कवर?’ हा प्रश्न सक्तीचा ठेवावा आणि कियोस्कवर किती पैसे दिले तेही विचारावे. माझ्या मते स्वतः काम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण हाच सेवेच्या गुणवत्तेचा सर्वांत प्रामाणिक आकडा आहे, आणि तो मिळवायला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरी पायरी: यंत्रणेच्या नोंदी काढणे

सेवा पुरवणारी कंपनी आपल्या अहवालात सर्वांत आधी ‘उपलब्धता’ दाखवते, सहसा ९९ टक्के किंवा ९९.९ टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे त्यांतले ७ तास १२ मिनिटे सेवा बंद, ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे बंद. हे सात तास रविवारी पहाटे गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी बारापासून गेले तर हजारोंचे नुकसान होते, आणि तरी अहवालात ९९ टक्केच लिहिलेले असते. म्हणून घड्याळाच्या हिशेबाने काढलेली उपलब्धता बाजूला ठेवावी आणि किती जणांनी काम सुरू केले व त्यांपैकी कितींचे पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झाले, एवढे दोनच आकडे मागावेत. ते शेवटच्या तीन दिवसांचे वेगळे आणि उरलेल्या काळाचे वेगळे मागावेत. कंपनी देत नसेल तर शुल्काच्या बाबतीत हेच पेमेंट गेटवेच्या व्यवहार-अहवालावरून काढता येते, कारण अपयशी आणि प्रलंबित व्यवहारांची नोंद तिथे असते.

शुल्काच्या तक्रारींत सर्वाधिक मनस्ताप देणारा प्रकार म्हणजे पैसे कापले गेले, पण पोर्टलवर ‘पेंडिंग’. याला मोजपट्टी आयती उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या व्यवहारात खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. महाविद्यालयाने आपल्या अडकलेल्या व्यवहारांपैकी किती या मुदतीत सुटले, ते दर महिन्याला मोजावे. विद्यार्थ्याला ‘थांबा, येतील पैसे’ एवढेच सांगणारा लेखा विभाग आणि मुदत व नियम सांगणारा लेखा विभाग यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तक्रारींचा निपटारा किती वेळात होतो, हे मोजताना सरासरीवर विसंबू नये. समजा दहा तक्रारी अनुक्रमे १, १, १, २, २, २, ३, ३, २१ आणि ३४ दिवसांत सुटल्या. सरासरी ७ दिवस येते, पण सात दिवस लागले असा एकही विद्यार्थी त्यांत नाही. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २ दिवस आहे, म्हणजे नेहमीची कामे झटपट होतात. आणि दहांपैकी नऊ तक्रारी सुटायला मात्र २१ दिवस लागले, म्हणजे काही प्रकरणे कुठल्यातरी टेबलावर अडकून पडतात. मध्यक आणि नव्वदावे शतमक (शंभरांतल्या नव्वद तक्रारी जेवढ्या दिवसांत सुटतात तो आकडा) हे दोन्ही आकडे एक्सेलमध्ये एकेका सूत्राने निघतात. ते दोन्ही द्यावेत, आणि शेपटातल्या त्या एक-दोन तक्रारींची फाईल स्वतः उघडून वाचावी. नाव दुरुस्ती, दोन महाविद्यालयांतली बदली, जुन्या अभ्यासक्रमाचा एटीकेटी अशी कुठल्याही चौकटीत न बसणारी प्रकरणे तिथे सापडतात.

तक्रार ‘बंद’ झाली असे केव्हा मानायचे, याबाबतीत मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ ची रीत घेण्यासारखी आहे. तिथे न सुटलेली तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते आणि बंद करण्याआधी तक्रारदाराला समाधान झाले का, असे विचारले जाते. ‘फोर्स क्लोज’ (तक्रारदाराच्या होकाराशिवाय बंद करणे) हा शब्दप्रयोगही मध्य प्रदेशात त्याच व्यवस्थेमुळे रूढ झाला आहे. महाविद्यालयाने आपल्या तक्रारींत विद्यार्थ्याच्या होकाराने बंद झालेल्या आणि परस्पर बंद केलेल्या अशा दोन राशी वेगळ्या मोजाव्यात.

तिसरी पायरी: समोर बसून पाहणे

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. एका विद्यार्थ्याला त्याच्याच फोनवर आणि त्याच्याच डेटावर ठरलेले काम करायला सांगावे, शेजारी बसावे आणि मदत करू नये. किती वेळ लागला, तो कुठे अडला, कुठे मागे फिरला आणि काम पूर्ण झाले की नाही, एवढेच टिपावे. कार्यालयातल्या संगणकावर महाविद्यालयाच्या वाय-फायवर चाचणी घेतली तर सगळे सुरळीत दिसेल, पण त्याचा उपयोग नाही.

अशा चाचणीला थोडी माणसे पुरतात. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, एखादा दोष एका व्यक्तीच्या वापरात दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली तर पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के दोष उघड होतात. पण हे पाच जण एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी असतात, हे विसरू नये. तक्षशिला परिसरातला वसतिगृहात राहणारा पदव्युत्तर विद्यार्थी आणि बसने येणारी पहिल्या वर्षाची मुलगी हे दोन वेगळे गट आहेत. प्रत्येक गटातून पाच घ्यावेत. दृष्टिबाधित विद्यार्थी असतील तर त्यांचा गट स्वतंत्र ठेवावा आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) चालू ठेवून काम करून घ्यावे. चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा आणि स्कॅन करून टाकलेल्या सूचना या दोन ठिकाणी त्यांचे काम बंद पडते, आणि दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ नंतर याला किरकोळ बाब म्हणता येत नाही.

काम संपल्यावर त्याच विद्यार्थ्याकडून सिस्टीम युजेबिलिटी स्केल ही वापरसुलभतेची प्रश्नावली भरून घ्यावी. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेले हे दहा विधानांचे माप आहे; प्रत्येक विधानाला १ ते ५ पैकी उत्तर द्यायचे असते. विषम क्रमांकाच्या विधानांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे उत्तर ५ मधून वजा करायचे, आणि दहांच्या बेरजेला २.५ ने गुणायचे. येणारा आकडा ० ते १०० मध्ये असतो, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ हा सर्वसाधारण मध्य धरला जातो. प्राचार्यांना अहवाल देताना हे आवर्जून सांगावे, नाहीतर ६८ हा आकडा प्रथम श्रेणी म्हणून वाचला जातो.

चौथी पायरी: प्रश्नावली

सेवेची गुणवत्ता मोजण्याच्या बहुतेक प्रश्नावल्यांचे मूळ परशुरामन, झाइथमल आणि बेरी या तिघांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्व्हक्वालमध्ये आहे. त्यात २२ विधाने आणि पाच परिमाणे आहेत: मूर्त सोयी, विश्वासार्हता, तत्परता, हमी आणि आपुलकी. प्रत्येक विधान दोनदा विचारायचे, एकदा अपेक्षा म्हणून आणि एकदा अनुभव म्हणून, आणि दोहोंतले अंतर म्हणजे गुणवत्ता. १९९२ मध्ये क्रोनिन आणि टेलर यांनी त्यावर आक्षेप घेतला, की अनुभव तेवढा विचारणे पुरेसे आणि अधिक विश्वसनीय आहे. त्यांच्या मापाचे नाव सर्व्हपर्फ. महाविद्यालयासाठी मी दुसऱ्या मताच्या बाजूने आहे. मोबाइलवर ४४ प्रश्न कुणी नीट भरत नाही, आणि अपेक्षेच्या बाजूला जवळजवळ सगळेच पाचपैकी पाच देतात, मग अंतर मोजून हाती फारसे काही लागत नाही.

ऑनलाइन सेवेसाठी मात्र ही दोन्ही मापे अपुरी पडतात, कारण ती माणूस समोर आहे असे धरून लिहिलेली आहेत. २००५ मध्ये परशुरामन, झाइथमल आणि मल्होत्रा यांनी संकेतस्थळांसाठी ई-एस-क्वाल तयार केले. त्यात कार्यक्षमता, दिलेल्या शब्दाची पूर्तता, यंत्रणेची उपलब्धता आणि खासगीपणा ही चार परिमाणे आहेत. त्याच्या जोडीला ११ विधानांचे एक स्वतंत्र माप आहे, ते फक्त ज्यांना अडचण आली त्यांच्यासाठी: प्रतिसाद मिळाला का, भरपाई झाली का, बोलायला माणूस सापडला का. हा दुसरा भाग हरगिज वगळू नये. ज्याचे काम सुरळीत झाले त्याला मदतकक्षाबद्दल विचारले तर तो अंदाजाने तीन किंवा चार लिहितो, आणि ज्याला खरोखर त्रास झाला त्याचे उत्तर त्या ढिगात बुडून जाते. गूगल फॉर्ममध्ये ‘या सत्रात अडचण आली का?’ या प्रश्नानंतर विभाग वेगळा करून फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांना पुढचे प्रश्न दाखवता येतात.

परदेशी दुकानांसाठी लिहिलेली विधाने तशीच उचलू नयेत. परिमाण ठेवावे आणि विधान आपल्या कामाचे लिहावे. उदाहरणार्थ, उपलब्धतेसाठी: ‘शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीही फॉर्म पहिल्या प्रयत्नात भरला गेला.’ पूर्ततेसाठी: ‘पोर्टलवर जी तारीख दिली होती त्याच तारखेला प्रवेशपत्र मिळाले.’ खासगीपणासाठी: ‘माझे गुण किंवा मोबाइल क्रमांक दुसऱ्या कुणाला दिसतो असे मला आढळलेले नाही.’ एका विधानात दोन गोष्टी नसाव्यात; ‘पोर्टल वेगवान आणि सोपे आहे’ या वाक्याला दिलेल्या उत्तराचा अर्थ लागत नाही. एकूण विधाने वीसच्या आत आणि माप पाच पायऱ्यांचे असावे. शेवटी एकच मोकळा प्रश्न ठेवावा: ‘कोणत्या कामासाठी तुम्हाला ऑनलाइन करूनही पुन्हा कार्यालयात यावे लागले?’

आपल्यापैकी अनेकांच्या मनात प्रश्न मराठीत जुळतात, पण विद्यार्थ्यांसमोर ते हिंदीत जाणार आहेत. म्हणून हिंदी मसुदा तयार झाल्यावर तो माळवी किंवा निमाडी घरांतल्या आठ-दहा विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा आणि प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावावा. तिथे शासकीय हिंदीतले निम्मे शब्द गळतात.

नमुन्याचा आकार सूत्रावरून काढता येतो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली तर मोठ्या समूहासाठी सुमारे ३८४ उत्तरे लागतात. ३००० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ती संख्या ३४१ वर येते. पण हे गणित यादृच्छिक निवडीसाठी आहे, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत पुढे ढकललेल्या दुव्यासाठी नाही. हजेरीपटावरून शाखा आणि वर्षानुसार दर सातवे किंवा आठवे नाव घ्यावे, आणि जे उत्तर देत नाहीत त्यांच्यातल्या काहींना फोन करून तेच प्रश्न विचारावेत. वर्गात शिक्षक उभे असताना फॉर्म भरून घेऊ नयेत, तसेच निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यातही घेऊ नयेत. नामांकन क्रमांक मागू नये. शाखा, वर्ष, फोनचा प्रकार आणि राहण्याचे ठिकाण एवढी माहिती पुरते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ ची दिशाही हीच आहे, की ज्या हेतूसाठी लागते तेवढीच माहिती घ्यावी.

उत्तरे आल्यावर प्रत्येक परिमाणाचा क्रोनबाख अल्फा काढावा, ०.७० च्या वर असेल तर त्या परिमाणातली विधाने एकमेकांशी जुळतात असे मानतात. ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नये. एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला गेला असण्याचा तो संकेत असतो. जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे.

कुणी म्हणेल, नॅकचे (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे) विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असताना हे वेगळे कशाला? त्या सर्वेक्षणातले २१ प्रश्न मुख्यतः अध्यापन आणि अध्ययनाविषयी आहेत. शुल्काच्या पावतीचे किंवा अडकलेल्या निकालाचे उत्तर त्यात मिळत नाही.

पाचवी पायरी: तिन्ही साक्षी शेजारी ठेवणे

एका कोऱ्या कागदावर प्रत्येक कामासाठी एक ओळ आणि तीन रकाने करावेत. नोंद चांगली, पाहणी चांगली, पण विद्यार्थी नाराज, असे दिसले तर बहुधा दोष सूचनांचा असतो: काम होते, पण झाल्याचे कळत नाही, एसएमएस येत नाही, स्थिती दिसत नाही. हे दुरुस्त करणे सर्वांत सोपे. नोंद वाईट, पाहणी वाईट आणि विद्यार्थी मात्र समाधानी, असे निघाले तर आधी कियोस्कचा रकाना तपासावा. त्रास दुसऱ्याने सोसला आहे आणि विद्यार्थ्याने त्याचे पैसे मोजले आहेत. नोंद चांगली पण पाहणीत काम अडते, याचा अर्थ नोंद चुकीच्या जागी घेतली जाते आहे; पोर्टल उघडणाऱ्यांची गणना होते, मध्येच सोडून जाणाऱ्यांची होत नाही. आणि तिन्ही साक्षी वाईट असतील तर आणखी विश्लेषण करत बसण्याऐवजी त्या कामाला हात घालावा.

आकडे नेहमी गटवार पाहावेत. एकूण समाधान ४.१ असताना स्वाध्यायी विद्यार्थ्यांचे २.६ असू शकते, आणि त्यांची संख्या कमी म्हणून ते एकूण आकड्यात दिसतही नाही.

सहावी पायरी: मुदत जाहीर करणे आणि पुन्हा मोजणे

मोजणीनंतर प्रत्येक कामाची मुदत ठरवून ती सूचनाफलकावर आणि पोर्टलवर लावावी. या राज्यात ही कल्पना नवी नाही: मध्य प्रदेशाचा लोकसेवा गारंटी अधिनियम २०१० हा देशातला अशा स्वरूपाचा पहिला कायदा, आणि त्यात उशीर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल ५००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाविद्यालयाने दंडापर्यंत जायची गरज नाही, पण मुदत आणि जबाबदार व्यक्तीचे पद या दोन गोष्टी लेखी असाव्यात. मुदत नव्वदाव्या शतमकावरून ठरवावी, मध्यकावरून नव्हे. नाहीतर निम्म्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती पहिल्याच महिन्यात मोडते.

यंत्रणेच्या नोंदी दर महिन्याला, समोर बसून पाहणी प्रत्येक सत्रात आणि प्रश्नावली वर्षातून एकदा, एवढी वारंवारता झेपते. दुसऱ्या वर्षी विधानांचे शब्द बदलू नयेत. सुधारणा सुचली तर ते नवे विधान म्हणून जोडावे. आणि ईआरपीच्या किंवा शुल्क पोर्टलच्या पुढच्या करारात एक कलम न चुकता घालून घ्यावे, की सुरू झालेल्या, पूर्ण झालेल्या आणि अपयशी ठरलेल्या प्रयत्नांची कच्ची नोंद दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत उघड्या फाईलच्या रूपात महाविद्यालयाच्या ताब्यात दिली जाईल. कंपनी बदलली की जुन्या नोंदी तिच्याबरोबरच जातात, आणि मग नवी व्यवस्था जुनीपेक्षा बरी आहे की वाईट, हे सांगायला कुणाकडेच काही उरत नाही.